इतिहासात एमए-पीएचडी करून म्युझियमकडे वळायचंय? पुण्यात सुरुवात अशी करा

सगळ्यात आधी मोडी लिपी शिका, कारण पुण्यात पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर (म्हणजे पेशव्यांच्या कारभाराची कागदपत्रं) जवळजवळ सगळं मोडीत आहे आणि दफ्तर न वाचता पेशवाईवर बोलणारे इथे पैशाला पासरी मिळतात. वाचनासाठी इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये उभं केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहेच, तिकडे जात राहा, ओळखी आपोआप होतात.

मग केळकर म्युझियमला जा, पण वस्तू बघायला नाही, पाट्या वाचायला. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वाद्यं, दरवाजे असं घरगुती वापरातलं जमवलं आणि पुढे सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. आता त्यातला एक अडकित्ता घ्या, म्हणजे मनात हो 😄, आणि त्यावर साठ शब्दांची पाटी लिहा. कोणी वापरला, कुठे बनला, सुपारी खाणं तेव्हा एवढं महत्त्वाचं का होतं, सगळं त्यात बसलं पाहिजे आणि सातवीतल्या पोराला कळलं पाहिजे. थिसिस लिहिलेल्या माणसाला हे भयंकर जड जातं, तळटीप टाकायला हात शिवशिवतो. लिहून झालं की घरच्या कोणालातरी वाचायला द्या, पीएचडीच्या गाइडला नको.

डिग्री हवीच असेल तर बडोद्याच्या एमएस युनिव्हर्सिटीत म्युझिऑलॉजीचा जुना विभाग आहे. पगाराचं म्हणाल तर कायमच्या जागा कमीच निघतात, म्हणून हेरिटेज वॉक, आर्काइव्हचं कॅटलॉगिंग असं काहीतरी बाजूला चालू ठेवा, आणि वॉकला शनिवारवाड्यापासूनच सुरुवात करायची असा काही नियम नाही.