गायरानातून गावाला उत्पन्न कसे मिळवून द्यावे

मराठवाड्यात ज्या कुटुंबाच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्याच्या दोन-चार उस्मानाबादी शेळ्या बहुधा गायरानावरच जगतात आणि दवाखाना किंवा लग्नकार्य आले की त्यांतलाच एखादा बोकड बाजारात विकला जातो. गायरान सुधारू पाहणाऱ्या ग्रामपंचायतीने हा हिशोब आधी मांडावा. रोपे नंतर मागवावीत.

प्रथम तलाठ्याकडून गायरानाचे गट क्रमांक व सातबारा घ्यावेत आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्दीची मोजणी करून घ्यावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार चराईसाठी राखलेली ही जमीन सरकारचीच असते, त्यामुळे ग्रामपंचायतीला ती परस्पर भाड्याने देता येत नाही.

मोजणीनंतरचे काम खरे अवघड असते. अनेक भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबे वर्षानुवर्षे गायरान कसत आली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे निर्देश दिले; मात्र भूमिहीनांना अथवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या भाडेपट्ट्यांसाठी अपवादाची वाट त्याच निकालाने मोकळी ठेवली आहे. म्हणून या कुटुंबांना आणि दरवर्षी येणाऱ्या मेंढपाळांना ग्रामसभेत बोलावल्याशिवाय चराईबंदीचा ठराव करू नये. मेंढपाळ दुरावले, तर शेतात मेंढ्या बसवून मिळणारे लेंडीखतही जाते, हे बागायतदार सहसा विसरतात.

कुसळी हे टोचऱ्या कुसांचे गवत माजले असेल, तर अतिचराईने गायरान थकले आहे असे समजावे. संपूर्ण रान कधीही एकदम बंद करू नये; एक तृतीयांश भाग दोन पावसाळे राखावा, पहिल्या चांगल्या पावसानंतर तेथे पवना व मारवेल या गवतांचे आणि स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचे बी टाकावे. उतारावरचे समतल चर रोजगार हमीतून खोदता येतात. राखलेल्या भागात जनावर सोडू नये, पण फुलोऱ्यावर आलेले गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा द्यावी आणि शेळीवाल्या भूमिहीन घरांना पहिला हक्क द्यावा. उरलेल्या गवताचा लिलाव करून पैसा ग्रामनिधीत जमा करावा व त्यातूनच राखणदाराची मजुरी भागवावी. बालाघाटाच्या मुरमाड डोंगरउतारांवर बांधाने सीताफळ लावणे परवडते, कारण शेळ्या त्याचा पाला सहसा खात नाहीत.

तिसऱ्या वर्षी राखलेला तुकडा चराईला खुला करून शेजारचा बंद करावा, आणि हा बदल मृगापूर्वीच दवंडी देऊन जाहीर करावा.