नवी इमारत पाहताना नजर कुठे ठेवावी

आधी लांब उभे राहा, इमारतीच्या उंचीच्या साधारण दुप्पट अंतरावर. तिथून अख्खा आकार नजरेत मावतो. ऊन तिरपे असताना वळणे उठून दिसतात. भर दुपारी सगळे सपाट वाटते.

मग थेट भिंतीपाशी जा. खरी कसोटी सांध्यांची. भिंतीवर बाहेरून लावलेल्या दोन पत्र्यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? कोपऱ्यावर पत्रा वाकवलाय की दोन तुकडे भिडवलेत? खिडकीखाली काळे ओघळ दिसले, तर बहुधा पाणी तोडणारी खाच (पाणी भिंतीवरून न ओघळता सुटे टपकावे म्हणून ठेवतात ती) ठेवायची राहिली. स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयाचा (१९९७) टायटॅनियमचा पत्रा अर्धा मिलिमीटरही जाड नाही, म्हणून तो किंचित फुगलेला दिसतो आणि उजेड त्यावर हलत राहतो.

चकाकी अंगाशीही येते. लॉस एंजेलिसच्या डिस्ने कॉन्सर्ट हॉलचे (२००३) काही खोलगट, आरशासारखे पत्रे ऊन गोळा करून समोरच्या घरांवर फेकत होते. २००५ मध्ये ते घासून मंद करावे लागले. खोलगट भाग दिसला की तो कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते बघाच.

आत गेल्यावर छताआधी दाराची मूठ आणि कठडा धरून बघा. जिन्यात पाय अडखळला तर पायऱ्यांची उंची मोजा: सेंटिमीटरभर फरकही पायाला कळतो.