पोट्ट्यांना कलाकृती बघायला कशी शिकवायची
चित्रकलेच्या तासाला पोट्टे काढतात भरपूर पण बघत नाहीत, कसं वाटलं विचारलं की एकच उत्तर, मस्त आहे सर. तर तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याचा, लाकडी बैल वर्गात मधोमध ठेवा आणि पहिली दहा मिनिटं मस्त, भारी, बेकार हे शब्द बंद. फक्त दिसतं ते सांगायचं, वशिंड केवढं, मान कुठं वळली, शिंगाचा रंग कुठं उडाला, पोटाखाली छिन्नीच्या खुणा राहिल्यात का. इथं घाई करू नका बरं, सगळा जीव याच्यातच आहे. अमेरिकेतले कलाशिक्षक एडमंड फेल्डमन यांनी कलाकृती बघायच्या चार पायऱ्या सांगितल्यात, वर्णन, विश्लेषण, अर्थ आणि शेवटी निर्णय. म्हणून मग विचारा, पाय आखूड ठेवल्यानं बैल दमदार वाटतो की बसका? अर्थ प्रत्येकाचा वेगळा निघेल, निघू द्या, पण बैलाकडं बोट दाखवूनच बोलायचं. आवडला नाही म्हणणाऱ्यालाही कारण मागा, आणि दिलं तर सर म्हणून खोडू नका. हे जमलं की गडचिरोलीकडच्यांनी पोरांना वैनगंगेकाठच्या मार्कंडा देवळाची शिल्पं दाखवायला न्यावं, पण एकाच मूर्तीपुढं अर्धा तास बसवा, सगळं देऊळ पळवत फिरवू नका.