साडेपाच अश्वशक्तीच्या जुन्या जॉन्सनचा कार्बोरेटर

नोकरीनिमित्त मिनेसोटात आल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांकडून जॉन्सन कंपनीचे 1956 सालचे, साडेपाच अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन विकत घेतले. होडीच्या मागच्या फळीवर अडकवायचे हे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक यंत्र अनेक वर्षे त्यांच्या गॅरेजमध्ये पडून होते. पुण्याच्या घरी आमच्याकडे बजाज चेतक होती आणि तिचा कार्बोरेटर मी वडिलांबरोबर कित्येकदा उघडला होता, त्यामुळे हेही एका संध्याकाळचे काम असेल असे मला वाटले. प्रत्यक्षात तीन आठवडे लागले, आणि त्यांतले दोन मी केलेल्या एकाच चुकीत गेले.

या कार्बोरेटरला पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ठरवणाऱ्या दोन सुया असतात: वरची मंद गतीसाठी आणि खालची पूर्ण वेगासाठी. सुट्या करण्यापूर्वी प्रत्येक सुई हलक्या हाताने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, नुसती टेकेपर्यंत फिरवावी आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवावे. टेकल्यावर जोर लावला तर सुईच्या टोकावर कड उमटते आणि पुढे मिश्रण कधीच नीट जुळत नाही.

पेट्रोलच्या वाटीतला फ्लोट, म्हणजे वाटी भरली की वर येऊन पेट्रोल आत येण्याची झडप बंद करणारा तरंगता तुकडा, त्या काळी बुचाच्या लाकडाचा असे आणि त्यावर लाखेचा थर दिलेला असे. अमेरिकेतल्या आजच्या पेट्रोलमध्ये साधारण 10 टक्के इथेनॉल असते, आणि लाख नेमकी अल्कोहोलमध्येच विरघळते. मग बूच पेट्रोल पिऊन जड होते, फ्लोट वर येत नाही, झडप बंद होत नाही आणि कार्बोरेटर ओसंडून वाहतो. म्हणून जुना फ्लोट दिसायला कितीही चांगला असला तरी मी तो ठेवत नाही. नवा बसवल्यावर, तो ज्या भागाला अडकवला आहे तो भाग उलटा धरून फ्लोटची कड त्या भागाच्या कडेला समांतर आहे ना, हे पाहावे, आणि त्याच स्थितीत पेट्रोलच्या नळीतून तोंडाने हलके फुंकून झडप हवा अडवते का तेही तपासावे.

आता माझी चूक. दुरुस्तीच्या संचातील गॅस्केट, झडप आणि सुयांची पॅकिंग बदलून, बाकी सारे क्लीनरने धुऊन मी इंजिन तळ्यावर नेले. पूर्ण वेगाला ते सुरेख चालले, पण वेग कमी करताच बंद पडू लागले. मी सुई फिरवत राहिलो, स्पार्क प्लग बदलले, इग्निशनवर संशय घेतला. दोष होता कार्बोरेटरच्या अंगावरील शिशाच्या एका लहानशा टोपणाखाली. मंद गतीचे पेट्रोल ज्या बारीक छिद्रांतून कार्बोरेटरच्या घशात, म्हणजे हवेच्या वाटेत, उतरते ती तिथे दडलेली असतात, आणि वर्षानुवर्षे आटलेल्या पेट्रोलचा राळेसारखा थर त्यांत घट्ट बसला होता. ते टोपण जपून उचकटून, छिद्रे क्लीनर आणि दाबाच्या हवेने मोकळी करून नवे टोपण बसवल्यावर इंजिन पहिल्याच दोरीला चालू झाले आणि मंद गतीला टिकले. संच नवे भाग देतो, बुजलेली वाट मोकळी करत नाही. त्या छिद्रांत जाड तार मात्र घालू नये, कारण ती रुंदावली की त्यांचे माप कायमचे बिघडते.

जुळवणी इंजिन पाण्यात असतानाच करावी, कारण कोरडे चालवल्यास पाण्याच्या पंपाचे रबरी चाक जळते. सुरुवातीला मंद गतीची सुई सुमारे दीड फेरा आणि वेगाची एक फेरा उघडी ठेवावी. नंतर होडी पुढे नेणाऱ्या गिअरमध्ये, मंद गतीला, वरची सुई फेऱ्याचा आठवा भाग इतकी थांबत थांबत बंद करत जावे. इंजिन शिंकल्यासारखे करू लागले की पाव फेरा मागे यावे. वेगाची सुईही अशीच, पण पूर्ण वेगात जुळवावी आणि शंका असेल तर किंचित जास्त उघडी ठेवावी, कारण टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलबरोबरच येते आणि पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडून पिस्टन जाम होतो.

या इंजिनाला 24 भाग पेट्रोलला 1 भाग तेल लागते, म्हणजे 6 गॅलनच्या टाकीला बरोबर 1 क्वार्ट (पाव गॅलन). नंतरच्या इंजिनांवर लिहिलेले 50 ला 1 हे प्रमाण इथे वापरू नये. घरी परतताना टाकीची नळी काढून वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत मी ते पाण्यातच चालू ठेवतो, म्हणजे ती छिद्रे पुन्हा बुजत नाहीत.