सोलापुरातून आयसीएमआरकडे माहिती अधिकाराचा अर्ज

संशोधन निधी का नाकारला, भरतीचा निकष कोणी बदलला, हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला (आयसीएमआर) विचारायचे असेल तर आधी एक लक्षात घ्या: ही केंद्रीय संस्था आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात चालणारा १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प इथे चालत नाही, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. टपालाने अर्ज करताना १० रुपयांची पोस्टल ऑर्डर 'अकाउंट्स ऑफिसर' यांच्या नावे जोडा. त्यापेक्षा केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर शुल्क भरणे सोपे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ, पण दाखला जोडावा लागतो.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ नुसार मराठीतही अर्ज करता येतो. तरी हिंदी किंवा इंग्रजीत लिहिलेला बरा, भाषांतरात अर्थ निसटत नाही.

खरी मेख प्रश्नात आहे. 'का' विचारू नका. मत किंवा खुलासा देण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही. नोंदीच मागा: फाइलवरील टिपण्या, समितीचे इतिवृत्त, लागू परिपत्रक, तारखांसह. केंद्राकडील अर्जाची मर्यादा साधारण ५०० शब्दांची.

३० दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा. त्याला शुल्क नाही.