बेडकाच्या कातडीतून तांबे आत जाते का, हे मोजण्याची पद्धत

बेडूक सहसा तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या आणि मांड्यांजवळच्या पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या कातडीतून तो ते शोषून घेतो. पाण्यात विरघळलेला धातूही त्याच वाटेने आत शिरत असेल, ही शंका म्हणूनच रास्त आहे. मात्र कातडीला नुसता चिकटलेला धातू आणि कातडी ओलांडून रक्तात गेलेला धातू वेगवेगळे मोजले नाहीत, तर हाती आलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

वनखात्याची परवानगी आणि संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी आधी घ्यावी. बेडकाच्या अंगात मुळातच तांबे असते, त्यामुळे साधे तांबे वापरल्यास नवे कोणते आणि जुने कोणते हे कळत नाही. नैसर्गिक तांब्यात ६३ आणि ६५ वस्तुमानांकाचे दोन समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) असतात, त्यांतल्या ६५ चा वाटा सुमारे ३१ टक्के असतो. तो वाढवलेले तांबे पाण्यात घालून आयसीपी-एमएस या, अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर ६५ आणि ६३ यांचे गुणोत्तर तपासावे.

प्लास्टिकचे डबे १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवून शुद्ध पाण्याने धुवावेत. पाणी इतके उथळ ठेवावे की पोट भिजेल, पण तोंड वर राहील. पाण्याचा सामू, कठीणपणा आणि विरघळलेले सेंद्रिय द्रव्य यांची नोंद ठेवावी, कारण सेंद्रिय द्रव्याशी बांधले गेलेले तांबे सहजासहजी आत जात नाही. एक डबा बेडकाविना आणि एक बेडूक तांब्याविना ठेवावा. बेडूक कात टाकतो आणि बहुधा ती स्वतःच खाऊन टाकतो. तसे दिसले तर त्या बेडकाची नोंद बाद करावी, कारण धातू पोटातून गेलेला असू शकतो.

उचलताच बेडूक लघवी करतो, म्हणून त्याला स्वच्छ पेल्यावर धरून उचलावे आणि ती लघवीही मोजावी. मग ईडीटीए या, धातूला पकडून ठेवणाऱ्या रसायनाच्या द्रावणाने बेडकाला थोडा वेळ धुवावे. या धुवणात उतरते ते बरेचसे चिकटलेले तांबे. खरा पुरावा रक्तात आणि यकृतात शोधावा. भिजलेल्या पोटाचा ठसा टिपकागदावर घेऊन त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली की क्षेत्रफळ मिळते. अंगात गेलेल्या तांब्याला (लघवीत सापडलेले धरून) त्या क्षेत्रफळाने आणि तासांनी भागले की शोषणाचा दर निघतो.

पाण्यातून घटलेले तांबे आणि अंग, लघवी व धुवण यांत सापडलेले तांबे यांचा हिशेब जुळला नाही, तर बेडकाकडे वळण्याआधी डब्याच्या भिंती आम्लाने धुऊन ते धुवण मोजावे.