प्रवासी ट्रेलर: आधी अ‍ॅक्सल, मग उघड्यावरचे स्वयंपाकघर

मोटारीमागे जोडून न्यायचा राहता ट्रेलर, ज्याला आपल्याकडे सरसकट कॅराव्हॅन म्हणतात, तो घेतला की मालकाचे मन सर्वप्रथम बाहेर सरकणाऱ्या ओट्याकडे, शेगडीकडे आणि दारापुढच्या कापडी छताकडे धावते. हे स्वाभाविक आहे, कारण ट्रेलर घ्यायचाच तो कृष्णेकाठी किंवा कोयनेच्या जलाशयाकडेला चार घास निवांत खाण्यासाठी. परंतु वाढवलेली प्रत्येक फळी, प्रत्येक भांडे आणि पाण्याचा प्रत्येक लिटर अखेर अ‍ॅक्सलच्या एका नळीवर, म्हणजे दोन चाकांमधल्या आडव्या दांड्यावर, आणि तिच्या टोकांच्या बेअरिंगांवर येऊन बसतो. म्हणून येथे अ‍ॅक्सलचा विचार आधी केला आहे आणि ज्यांना ट्रेलर दीर्घकाळ वापरायचा आहे त्यांनी कामाचा क्रमही हाच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात वजनापासून करावी. ऊसपट्ट्यात वजनकाट्यांची वानवा नाही. कराड, पलूस, आष्टा या भागांत मोठा काटा सहज सापडतो. फक्त गळीत हंगामात तेथे उसाच्या गाड्यांची रांग असते, ती वेळ टाळावी. प्रवासाला निघताना ट्रेलर जसा भरतो तसाच भरून, पाणी आणि सिलिंडर यांसह, काट्यावर न्यावा. आधी मोटारीपासून सोडवून, पुढच्या टेकूचाकासह संपूर्ण ट्रेलर काट्यावर उभा करून एकूण वजन घ्यावे. नंतर मोटारीला जोडून फक्त ट्रेलरची मुख्य चाके काट्यावर ठेवावीत आणि अ‍ॅक्सलवरचा भार घ्यावा. पहिला आकडा नोंदणी प्रमाणपत्रावरच्या कमाल वजनाच्या आत आणि दुसरा अ‍ॅक्सलच्या पाटीवर कोरलेल्या क्षमतेच्या चांगला आत असला पाहिजे, कारण गतिरोधकावरून चाक आदळते त्या क्षणी अ‍ॅक्सलला बसणारा हिसका काट्यावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

या दोन आकड्यांतला फरक म्हणजे जोडणीच्या गोळ्यावर, मोटारीमागे ज्यावर ट्रेलर अडकवतात त्यावर, पडणारा भार. मात्र मोठे काटे दहा-वीस किलोच्या टप्प्याने मोजतात, त्यामुळे हा भार घरगुती वजनकाट्यावर वेगळा मोजलेला बरा. एक जाड वासा घेऊन त्याचे एक टोक विटेवर आणि दुसरे वजनकाट्यावर टेकवावे. दोन्ही टेकूंमध्ये ९० सेंटिमीटर अंतर ठेवून विटेपासून ३० सेंटिमीटरवर ट्रेलरची जोडणी वाशावर उतरवावी. रिकाम्या वाशाचा आकडा वजा करून उरलेल्याची तिप्पट केली की खरा भार मिळतो. एक टनाच्या ट्रेलरला तो साधारण ७० ते १०० किलो असावा, आणि मोटारीच्या जोडणीला ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर कधीही जाऊ नये. भार कमी पडला तर वेगात ट्रेलरचे शेपूट डोलू लागते. महामार्गावर शेजारून मोठी बस गेली की हे डोलणे सुरू होते. अशा वेळी मोटारीचा ब्रेक दाबू नये आणि वेग वाढवून सावरण्याचाही प्रयत्न करू नये. स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढावा.

स्वयंपाकघराची जागा ठरवताना हीच मोजणी कामी येते. समजा ओट्याचा ६० किलोचा सरकता खण ट्रेलरच्या मागच्या भिंतीत, अ‍ॅक्सलच्या २ मीटर मागे बसवला आणि जोडणी अ‍ॅक्सलच्या ३.५ मीटर पुढे आहे. तरफेच्या नियमाने जोडणीवरचा भार ६० गुणिले २ भागिले ३.५, म्हणजे सुमारे ३४ किलोने घटतो, आणि अ‍ॅक्सलवरचा भार ६० नव्हे तर ९४ किलोने वाढतो. एका ओट्यामुळे ट्रेलर डोलू लागतो आणि अ‍ॅक्सलही दमतो तो असा. मागच्या भिंतीतला ओटा छायाचित्रात फार देखणा दिसतो, हे मान्य आहे. तरीही तो बाजूच्या भिंतीत, चाकाच्या किंचित पुढे बसवावा असेच मी सुचवीन.

अ‍ॅक्सल दोन प्रकारचे आढळतात. पहिला पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगचा, त्यात शॅकल (पाट्या सांगाड्याला जोडणारी कडी), बुश (सांध्यातली नळी), पाट्या एकत्र धरणारा मधला बोल्ट आणि त्या नळीला आवळणारे यू-बोल्ट एवढेच सुटे भाग असतात, आणि ज्या गावात उसाची ट्रॉली दुरुस्त होते त्या गावात तो दुरुस्त होतो. दुसरा रबराचा, ज्यात चौकोनी नळीच्या आत दाबून बसवलेले रबराचे दांडे पिळले जाऊन धक्का झेलतात. तो चालताना शांत असतो, पण रबर म्हातारे झाले की अख्खा अ‍ॅक्सल बदलण्यावाचून गत्यंतर नसते. आपल्या रस्त्यांसाठी आणि आपल्या गॅरेजांसाठी पाट्यांचा अ‍ॅक्सल अधिक सोयीचा आहे, यात मला शंका वाटत नाही. रबरी अ‍ॅक्सल असल्यास मडगार्डची कड आणि टायर यांमधले अंतर दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवावे. ते वर्षागणिक घटत असेल किंवा एकीकडे कमी झाले असेल तर रबर बसले आहे.

अ‍ॅक्सल जागेवर आहे की नाही हे तपासायला साधी मोजपट्टी पुरते. जोडणीच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंतची अंतरे घ्यावीत. त्यांत तीन-चार मिलिमीटरहून अधिक फरक दिसला तर मधला बोल्ट तुटून किंवा यू-बोल्ट ढिला होऊन अ‍ॅक्सल सरकला असण्याची दाट शक्यता आहे. टायरची झीजही बरेच सांगते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, फक्त आतली कड झिजली तर भार अती झाला किंवा नळी वाकली, आणि जागोजागी खळगे पडले तर बेअरिंग ढिले किंवा चाकाचा तोल बिघडलेला. ट्रेलरच्या अ‍ॅक्सलला मुळात वरच्या बाजूस किंचित कमान दिलेली असते, ती भाराखाली सरळ होते. त्यामुळे जॅक नळीच्या मध्याखाली कधीही लावू नये, तो चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, मजबूत भागाखालीच लावावा आणि त्याआधी दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड किंवा लाकडी पाचर द्यावी.

आता बेअरिंग. ट्रेलर वाटेत अडकून पडतो तो बहुधा याच भागामुळे, आणि काळजी घेतली तर हे पूर्णपणे टाळता येते. वर्षातून एकदा, किंवा सुमारे १५,००० किलोमीटरनंतर, हब, म्हणजे बेअरिंगे बसवलेला चाकाचा मधला भाग, उघडून ग्रीस बदलावे. टोपी काढली की किल्ल्यासारख्या खाचांचा नट आणि त्यातून आरपार गेलेली, नट फिरू न देणारी दुपाखी स्प्लिट पिन दिसते. पिन सरळ करून ओढावी, नट सोडवावा, वायसर आणि बाहेरचे बेअरिंग हातात घ्यावे आणि हब सरळ ओढून काढावा; मागे ऑइल सीलच्या, म्हणजे ग्रीस आत अडवणाऱ्या कड्याच्या, आड आतले बेअरिंग असते. जुने ग्रीस बोटावर घेऊन उजेडात पाहावे. एकसारखे काळपट असेल तर चिंता नाही. दुधट झाले असेल तर पाणी शिरले आहे. आणि त्यात चांदीसारखी चमक दिसली तर धातू झिजतो आहे. नंतर रॉकेलने सर्व भाग धुऊन कोरडे करावेत आणि रोलर तसेच हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची कडी निरखावी. निळसर छटा म्हणजे अती तापल्याची खूण. नखाला लागणारा खड्डा किंवा ओरखडा म्हणजे बेअरिंग आणि कडी दोन्ही बदलायची, एकटे बेअरिंग बदलणे निरर्थक आहे.

नवे ग्रीस चाकांच्या बेअरिंगसाठीचे, लिथियम कॉम्प्लेक्स जातीचे घ्यावे आणि दोन जातींचे ग्रीस एकत्र करू नये. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहावे, ते रोलरांच्या फटींतून वर येईपर्यंत. बाहेरून नुसते फासलेले ग्रीस आत जात नाही. सील दर वेळी नवे घालावे. नट आवळताना हब हाताने फिरवत राहावा, बेअरिंग नीट बसले की नट सैल करून फक्त बोटांनी आवळावा, खाच जुळत नसेल तर घट्ट न करता किंचित मागे घ्यावा, आणि नवी स्प्लिट पिन घालावी. परदेशी बनावटीच्या, ३,५०० पौंड (सुमारे १,६०० किलो) भार पेलणाऱ्या अ‍ॅक्सलमध्ये बहुधा आत एल-६८१४९ आणि बाहेर एल-४४६४९ या क्रमांकांची इंची मापाची बेअरिंगे असतात. ती गावोगाव मिळतीलच असे नाही, म्हणून एक पूर्ण संच, सील आणि ग्रीससह, ट्रेलरमध्येच ठेवावा.

काम झाल्यावर पहिल्या वीसेक किलोमीटरनंतर थांबून दोन्ही हबांना हात लावून पाहावा. कोमट असणे ठीक. हात टिकत नसेल, किंवा एक दुसऱ्याहून बराच गरम असेल, तर तेथेच थांबावे. ही परीक्षा कराड ते पेठ नाका अशा सपाट रस्त्यावर घ्यावी. पसरणी घाट उतरून वाईत आल्यावर हब गरम लागतो तो ब्रेकमुळे, बेअरिंगचा दोष त्यातून कळत नाही. पुष्कळ ट्रेलरांत ब्रेक ओव्हररन पद्धतीचे असतात, म्हणजे मोटार मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. लांब उतारावर ते सतत घासत राहतात. म्हणून घाटात सुरुवातीपासूनच खालचा गिअर ठेवावा आणि मध्ये थांबून ब्रेकचे ड्रम निवू द्यावेत. चाकांचे नट आणि यू-बोल्ट पहिल्या ८० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. पाट्यांचे मोठे काम असेल तर ट्रॉलीच्या कारागिरांकडे गळीत हंगाम संपल्यावर जावे, तेव्हा त्यांना सवड असते.

एवढे झाल्यावर स्वयंपाकघराकडे वळता येईल. कायमचे वेल्डिंग करून ट्रेलरच्या रचनेत फेरफार करण्याआधी आरटीओत, म्हणजे साताऱ्याच्या एमएच-११, सांगलीच्या एमएच-१० किंवा कराडच्या एमएच-५० कार्यालयात, परवानगीची चौकशी करावी. बोल्टने बसणारा आणि काढता येणारा खण मला सर्व दृष्टींनी श्रेयस्कर वाटतो. त्याच्या सरकपट्ट्या पूर्ण बाहेर आल्यावरही भार पेलणाऱ्या आणि आत-बाहेर दोन्हीकडे कुलूपबंद होणाऱ्या असाव्यात, नाहीतर वळणावर खण आपोआप उघडेल. पत्रा ३०४ प्रतीच्या स्टीलचा घ्यावा. स्वस्तातला २०२ प्रतीचा पत्राही चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे चुंबक लावून प्रत ठरवणे व्यर्थ आहे, पावतीवर प्रत लिहून घ्यावी.

बाजारात मिळणारे तयार ओटे चहा आणि ऑम्लेट डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. आपल्याकडे भाकरी थापायची असते, आणि थापताना ओट्यावर वरून सतत मार बसतो. नुसत्या सरकपट्ट्यांवर लटकणारा खण त्या माराने हिंदकळतो, परात सरकते आणि काही दिवसांत पट्ट्यांच्या गोळ्या निसटतात. म्हणून खणाच्या बाहेरच्या कडेला उंची कमी-जास्त करता येणारा घडीचा पाय अवश्य लावावा आणि ओट्याची उंची ७५ ते ८० सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी. शेगडीचा बर्नर रुंद हवा. पाचगणीच्या पठारावर वारा ज्योत एका अंगाला ढकलतो, तवा अर्धाच तापतो आणि भाकरी फुगत नाही. त्यासाठी तीन बाजूंनी घडीचे पत्रे उभे करावेत, मात्र सिलिंडर त्या आडोशाच्या बाहेरच राहिला पाहिजे. अख्ख्या मसुरासारखा वेळ घेणारा पदार्थ कुकरमध्ये करावा, गॅस वाचतो. कापडी छताखाली फोडणी देऊ नये.

गॅसची जोडणी घाईने करू नये. घरगुती १४.२ किलोचा भरलेला सिलिंडर एकूण तीस किलोच्या आसपास भरतो, त्यापेक्षा ५ किलोचा बरा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळालेला गॅस तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा राहण्याच्या भागापासून पूर्ण बंद, आणि त्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारे छिद्र, अशी रचना हवी. सिलिंडर नेहमी उभा आणि पट्ट्याने बांधलेला असावा, चालत्या गाडीत रेग्युलेटर बंद असावा, सुरक्षा नळी तिच्यावर छापलेल्या मुदतीत बदलावी आणि प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. बाहेरून मागवलेल्या शेगडीच्या पाटीवरचा दाब पाहून घ्यावा, कारण आपला घरगुती रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबारचा असतो.

विजेवर स्वयंपाक करण्याचा मोह टाळावा. १०० अँपिअर-अवरच्या, १२.८ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत सुमारे १.२८ युनिट वीज मावते आणि इंडक्शन शेगडी ती तासाभरात संपवते. पाणी लिटरमागे एक किलो असते, त्यामुळे टाकी अ‍ॅक्सलजवळच असावी आणि वीसेक लिटर सोबत घेऊन बाकीचे मुक्कामी भरावे. खरकटे पाणी डब्यात जमा करावे, नदीत सोडू नये. कोयना आणि चांदोली हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे भाग आहेत, तेथील जंगल हद्दीत शेगडी किंवा चूल पेटवू नये. मुक्कामासाठी कृषी पर्यटन केंद्र किंवा ओळखीचे शेत गाठावे.

पावसाळ्यात ट्रेलर उभा ठेवायचा असेल तर महाबळेश्वर, पाटण या पावसाळी भागापेक्षा जत किंवा कवठेमहांकाळकडची कोरडी जागा कधीही चांगली. सांगलीत नदीकाठी तो ठेवूच नये. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी कुठवर चढले होते हे शेजारीपाजारी विचारून जागा निवडावी, आणि हब पाण्याखाली गेलाच तर तो वरून कितीही स्वच्छ दिसला तरी उघडून नवे ग्रीस भरल्याशिवाय ट्रेलर ओढू नये. चासी लोखंडी घोड्यांवर (आधारांवर) उचलून टायरवरचा भार काढावा, सरकपट्ट्यांना पातळ तेलाचा हात द्यावा, सिलिंडर काढून ठेवावा. शेजारी ऊस असेल तर तोडणीनंतर तेथले उंदीर आसरा शोधत येतात आणि वायरी कुरतडतात, त्यामुळे जमिनीकडची सर्व भोके जाळीने बंद करावीत आणि पुन्हा बाहेर काढताना मागचे दिवे व ब्रेकची वायर आधी तपासावी.